ओठ मुरताना

केतकीताई ढमढेरे यांचा वरचा ओठ ‘म’ म्हणताना किंचित थरथरतो, हे नाशिककरांना इतकी वर्षं माहीत नव्हतं. माहीत होणार तरी कसं? ताई शब्दभ्रमकार. मांडीवर गोदाक्का नावाची बाहुली, नऊवारीतली, बोळक्या तोंडाची. जबडा तिचा हलायचा, टोमणे ती मारायची, शिव्या ती हासडायची, आणि ताई शेजारी आपल्या साळसूदपणे बसलेल्या. पहिल्या रांगेतल्या माणसालाही ताईंचे ओठ हलताना कधी दिसले नाहीत. पण मग नाट्यगृहांमध्ये ते नवे पडदे आले. रंगमंचाच्या मागे दोन मजली पडदा, आणि त्यावर कलाकाराचा चेहरा असा की पापण्यांचे केस मोजून घ्यावेत. त्या पडद्यावर ताईंचा ओठ सतरंजीएवढा दिसायला लागला. सतरंजीएवढ्या ओठाची थरथर लपवायची म्हटली तरी लपवणार कुठे?

त्यात भर चष्म्यांची. कॉलेजातली पोरं डोळ्यांवर ते बोलके चष्मे चढवून येत, आणि चष्म्यात ‘ओठपहारा’ नावाचं एक ॲप असे. कलाकाराचे ओठ किती वेळा हलले ते मोजायचं, एवढाच त्याचा उद्योग. एका रविवारी ऐन रंगात आलेल्या प्रयोगात मागून आरोळी आली, “मावशी, ओठ हलले!”

गोदाक्का गप्प बसणारी नव्हतीच. तिनं लगेच मान फिरवली. “कुणाचे रे हलले? माझे ना? हलणारच! मी जिवंत आहे. तू हिच्याकडे कशाला बघतोस, मुडद्या?”

सभागृह हसून लोळलं. वेळ निभावली. पण रंगपटात आल्यावर ताईंनी आरशाजवळ तोंड नेलं आणि स्वतःचा वरचा ओठ निरखून पाहिला. बावन्न वर्षांचा ओठ. पातळ झालेला, कडेला बारीक उभ्या रेघा, आणि आतला मांसाचा भराव ओसरल्यामुळे आधार गेलेला. खुर्चीचा पाय सैल झाला की माणूस बसल्या बसल्या डुगडुगतो, तसं त्याचं झालं होतं. ताई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. “पाय सैल झाला तर सुताराकडे जायचं,” असं त्या आरशाला म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेज रोडवर डॉ. आश्लेषा पिंगळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाई ताईंच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बोलणं मात्र एखाद्या जुन्या शिक्षिकेसारखं, मुद्द्याला धरून.

“फुगवून चंबू करायचाय की नुसता आधार हवाय?”

“चंबू कशाला करतेय या वयात! माझा ओठ गप्प बसायला हवा, बस्स.”

“रेघा जातील, आधार येईल. पण आधी नीट समजून घ्या, मग सही करा.” डॉक्टरांनी पडद्यावर ओठाचं चित्र काढलं. “पूर्वी आम्ही जे भरत होतो तो साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचा जेल. आपल्या शरीरात असतोच तो, पाणी धरून ठेवतो, त्यानं ओठ भरलेले दिसतात. पण शरीर तो हळूहळू खाऊन टाकतं. वर्षभरात पुन्हा भरा. आता जो आलाय त्यात त्याच साखळ्यांमध्ये दुसरी एक जाळी विणलेली असते, आणि ती जाळी शिकते.”

“शिकते?”

“म्हणजे असं. या जाळीचे दुवे ताण पडला की सुटतात आणि नव्यानं जोडले जातात. ओठाचा जो भाग तुम्ही रोज हलवता, तिथली वीण लवचिक होते. जो हलवत नाही, तिथली घट्ट बसते. तीन आठवडे हे चालतं. ओठ तुमच्या सवयीप्रमाणे मुरतो.”

म्हणूनच लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुरांबा. कंपनीनं ठेवलेलं लांबलचक इंग्रजी नाव कंपनीलाच लखलाभ. नाशकात सगळे विचारायचे, “मुरांबा भरलास का गं?” आणि मुरण्याच्या त्या तीन आठवड्यांत माणसं काय काय करत म्हणून सांगू! विमा विकणारे आरशासमोर उभे राहून गालफडं दुखेस्तोवर हसत, कारण हसू एकदा मुरलं की जन्मभराची ददात मिटली. लग्न ठरलेल्या मुली त्या काळात घरच्यांना बजावत, मला कुणी रागवायला लावू नका. गंगापूर रोडवरच्या एका मुख्याध्यापिकेनं ऐन परीक्षेच्या दिवसांत मुरांबा भरून घेतला होता. तिचे ओठ ‘गप्प बसा’ म्हणताना जसे होतात तसेच मुरले, आणि आता ती लग्नाच्या पंगतीत बसली तरी शेजारचा माणूस घास खाली ठेवतो.

“धोके?” ताईंनी विचारलं.

“आहेत. ओठातून धमनी जाते. जेल चुकून तिच्यात गेला तर रक्त अडतं, ओठ पांढरा पडतो, वेळीच उतारा दिला नाही तर कातडी मरते. म्हणून मी टोकदार सुई वापरत नाही, बोथट नळी वापरते, आणि सोनोग्राफीवर धमनी बघत बघत भरते. दोन-चार दिवस सूज राहील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आत्ताच सांगा. ओठावर तापाचे फोड उठतात का? नाही? छान. आणि नाहीच आवडलं तर उतारा म्हणून एंझाइम आहे, टोचलं की जेल विरघळतो. पण मुरल्यावर महिन्याभरातच. त्यानंतर जाळी इतकी दाट होते की एंझाइम आत शिरत नाही.”

“मग ते कायमचं.”

“कायमचं. आणि हे तीन आठवडे काहीही झालं तरी तोंड मिटून बसू नका. खूप बोला, हसा, भांडा. नातवंडं आहेत? त्यांचे पापे घ्या.”

“एक नात आहे. जुई. पुण्याला.”

“मग बोलवून घ्या तिला.”

ताई हो म्हणाल्या. गुंगीचं मलम लावलं, नळी गेली, थेंब थेंब जेल भरला गेला. अर्ध्या तासात ताई रिक्षात बसून घरी.

आणि घरी जाऊन त्यांनी जे केलं ते फक्त शब्दभ्रमकाराच्याच हातून होऊ शकतं. महिन्याभरानं मुंबईत मोठा प्रयोग होता, बाहेरदेशाचे पाहुणे यायचे होते. ताईंनी सुट्टी टाकली, मोबाइल कपाटात ठेवला आणि रियाजाला बसल्या. शब्दभ्रमाचा रियाज म्हणजे दुसरं काय? आरशासमोर बसायचं, ओठ किंचित विलग ठेवायचे आणि ते तसेच ठेवून बोलायचं. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं जिभेवर ढकलायची. सकाळी रियाज, दुपारी रियाज. घरात दुसरं माणूस नाही. पती सुहास जाऊन सोळा वर्षं झाली होती. दूधवाल्याशी, शेजारणीशी, भाजीवाल्याशी बोलायची ती गोदाक्का. तो तर आळीतला नेहमीचाच खेळ होता. तीन आठवडे ताईंच्या ओठांना एकच धडा मिळाला: हलायचं नाही.

ओठ आज्ञाधारक निघाले.

मुंबईच्या प्रयोगाला चष्मेवाल्यांची फौज आली होती. गोदाक्का दीड तास बोलली. सुनेला बोलली, सरकारला बोलली, पहिल्या रांगेतल्या टकल्याला बोलली. मागच्या दोन मजली पडद्यावर ताईंचे ओठ नुसते चितारल्यासारखे. पोरांनी चष्मे पुसले, ॲप बंद करून पुन्हा लावलं, आकडा शून्यच. शेवटी पोरांनीच उभं राहून टाळ्यांचा असा कडकडाट केला की ताईंचा ऊर भरून आला. तीस वर्षं ज्याच्यासाठी घासलं ते मिळालं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नाडकर्णींचा फोन. हे नाडकर्णी मुंबईतले कार्यक्रमांचे दलाल, बोलणं तुपाळ. “ताई, सिंगापूरची कंपनी तुमच्या प्रेमात पडलीय. तीन वर्षांचा जागतिक दौरा. ओठ न हलवणारी जगातली एकमेव बाई, अशी जाहिरात करणार. अट एकच, ओठ आहेत तसेच राहिले पाहिजेत. उतारा-बितारा घ्यायचा नाही.”

“कशाला घेईन उतारा?” ताई म्हणाल्या. शब्द स्वच्छ आले. फोनवर नाडकर्णींना काय, कुणालाच काही कळलं नाही. ओठ न हलवता बोलण्यात तर त्यांची हयात गेली होती.

कळलं ते जुईला.

ताईंची लेक शाल्मली पाच महिन्यांच्या जुईला घेऊन दोन महिन्यांसाठी माहेरी आली. नवऱ्याला कामासाठी बंगळुरूला जावं लागलं होतं. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तेव्हा ताईंचा विदर्भाचा दौरा आधीच ठरलेला, म्हणून ते पुण्याला सासरीच झालं. शाल्मली त्याबद्दल कधी ब्र काढत नसे. पण काढत नाही म्हणजे मनात नाही असं थोडंच असतं?

दारात ताईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मायलेकींच्या पायांवर पाणी घातलं आणि नातीला उचलून घेतलं. “आली गं माझी सोनसाखळी! आजीकडे आली!”

जुईनं आधी आजीच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. आवाज येत होता, पण तोंड काही करत नव्हतं. ती थांबली. मग स्वतःच हसून पाहिलं, बोळकं तोंड पसरून, हात नाचवून. थांबली. पुन्हा हसली, जरा जोर लावून, एक हुंकार देऊन. समोरचं तोंड तसंच. जुईचा खालचा ओठ बाहेर आला, तिनं मान फिरवली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या जोशीकाकू पदर खोचत धावत आल्या.

“नवीन जागा आहे ना,” ताई म्हणाल्या.

शाल्मली आईच्या तोंडाकडे बघत राहिली. “आई, तू हसत का नाहीयेस?”

“हसतेय की.”

त्या खरंच हसत होत्या. म्हणजे आतून हसत होत्या. गाल थोडे वर गेले होते, डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या होत्या. पण मध्ये ओठ असे, जणू दुसऱ्याच कुणाचे. ताईंनी नातीच्या गालाचा पापा घ्यायला तोंड पुढे नेलं. ओठांचा चंबू होईना. नुसतंच तोंड गालावर टेकलं आणि जुई आणखी भेसूर रडली.

मग ताईंनी नेहमीचा हुकमी एक्का काढला. पेटी उघडली, गोदाक्का बाहेर आली, लाकडी जबडा टपाटप हलायला लागला. “कोण गं रडतंय? कुणी मारलं माझ्या बछडीला?” जुई हुंदका अर्धवट टाकून वळली. त्या हलणाऱ्या तोंडाकडे बघितलं आणि खुदकन हसली. जोशीकाकूंनी टाळ्या पिटल्या. “बघा, कसं ओळखलं पणजीला!”

सगळे हसले. शाल्मली तेवढी हसली नाही.

पुढचे काही दिवस हाच प्रकार. ताई जवळ आल्या की जुई अंग चोरायची, गोदाक्का आली की हातपाय झाडून बोलायची. होय, बोलायची! अगू, बू, असलं काहीबाही, आणि मग थांबून बाहुलीच्या उत्तराची वाट बघायची. एका दुपारी ताईंनी तिला मांडीवर घेतलं, बाहुली न घेता. स्वतःच्या आवाजात बडबडगीत म्हटलं. जुईनं दोन क्षण त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग मान वळवून कोपऱ्यातल्या पेटीकडे दोन्ही हात पसरले.

हातानं घडवलेल्या, हातानं हलवलेल्या, आपल्याच गळ्यातून बोलणाऱ्या लाकडाचा ताईंना मत्सर वाटला, आणि मत्सर वाटतोय याची लाजही वाटली. त्या दिवशी संध्याकाळीच त्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉ. पिंगळ्यांनी ओठाचा नकाशा काढला. यंत्र ओठांवरून फिरवलं की कुठली वीण कशी मुरलीय ते रंगांत दिसतं, लवचिक भाग पिवळा आणि घट्ट भाग निळा. ताईंचे ओठ सबंध निळे आले. डॉक्टरांनी यंत्र पुसून पुन्हा फिरवलं. पुन्हा निळे.

“तीन आठवडे काय करत होतात तुम्ही?”

“रियाज. ओठ न हलवता बाहुलीचं बोलायचा.”

डॉक्टरांना आत्ता उमगलं. “अरे देवा! तुम्ही बाहुलीवाल्या! मी गाणाऱ्या समजले होते.” त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “मी विचारायला हवं होतं. हे बघा, इथे कोपऱ्यात, हसताना ओठ जिथून वर ओढला जातो ना, ती जागा अगदी कोरी आहे. एकदाही वापरलेली नाही.”

ताई त्या निळ्या कोपऱ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जुईचं सांगितलं.

“बरोबरच आहे तिचं,” डॉक्टर म्हणाल्या. “पहिले काही महिने मूल माणसाचे डोळे बघतं. पण चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ते नजर खाली आणतं, ओठांवर. कारण आता त्याला बोलणं शिकायचं असतं. आवाज कानानं येतो, पण तो करायचा कसा ते तोंडावर दिसतं. आणि मूल नुसतं बघत नाही, ते साद घालतं. मी हसलो, आता तू हस. समोरचा चेहरा काहीच करत नसला तर ते दोनदा-तीनदा प्रयत्न करतं, मग घाबरतं, मग तोंड फिरवतं. तुमच्या नातीला वाटतंय की आजी तिला उत्तर देत नाही. बाहुली देते.”

“मोठी झाल्यावर होईल की सवय.”

“होईल. तिला तुमच्याशिवाय राहायची सवय होईल.” बाई तोंडाची फटकळच. “महिनाअखेरपर्यंत उतारा देता येईल. पण खोटं सांगणार नाही, आता जाळी दाट झालीय, एंझाइम जास्त लागेल. ते थोडं तुमच्या स्वतःच्या ओठातलंही घेऊन जाईल. ओठ आधीपेक्षा पातळ होतील, थरथर वाढेल. आणि शरीर एकदा या जेलविरुद्ध तयार झालं की पुन्हा भरता यायचं नाही. दोन मजली पडद्यापुढे बसण्याचे दिवस संपले असंच समजा.”

एका बाजूला तीस वर्षांची कमाई, दुसऱ्या बाजूला पाच महिन्यांची पोर. ताईंनी रिक्षात मनाशी हिशेब मांडला, आणि तो रियाजाच्या बाजूनंच झुकला. का झुकू नये? बाई एकटीनं उभी राहिली होती ती या ओठांच्या जिवावर. शाल्मलीचं शिक्षण, लग्न, सगळं गोदाक्काच्या जबड्यातून आलेलं. तीन वर्षांत परत येऊ. जुई तेव्हा साडेतीन वर्षांची असेल, तिला समजावून सांगू. असं ठरवून त्या घरी आल्या. आता फक्त शाल्मलीला सांगायचं राहिलं होतं.

अवघड काही सांगायचं झालं की या घरात एकच रीत होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ताईंनी पेटी उघडली आणि गोदाक्काला मांडीवर घेतलं. शाल्मली सतरंजीवर जुईला खेळवत होती.

“काय गं शाले,” गोदाक्का खाकरली, “तुझी आई चालली बरं का सिंगापूरला! तीन वर्षं! मडमांना शिव्या शिकवणार आहे मी.”

शाल्मलीचा हात थांबला. “हे तू सांगतेयस की ती?”

“कोण ती? मी काय...”

“आई, बाहुली खाली ठेव.”

जबडा उघडाच राहिला. शाल्मली मोठ्यानं बोलत नव्हती, पण तिचा आवाज असा कापत होता की जुईसुद्धा खेळायची थांबली.

“पहिला नंबर आला तेव्हा कौतुक हिनं केलं. मला ताप आला की उशाशी ही. बाळंतपणाला जमणार नाही, तेही फोनवर हिनंच सांगितलं, विनोद करून. सगळ्यांना वाटायचं काय मज्जा आहे या घरात! आई, मी नऊ वर्षांची होते. शाळेतून आले, दप्तर पाठीवरच होतं. तू बाहुली घेऊन बसलेलीस. बाबा गेले हे मला हिनं सांगितलं. हिनं! मी रडले ती हिच्या लुगड्यात तोंड खुपसून. लाकूड लागत होतं मला.”

ताईंना बोलायचं होतं. त्या दिवशी माझे ओठच हलेनात गं, तोंड उघडलं असतं तर मी कोसळले असते आणि मग तुला कोण सांभाळणार होतं, बाहुली हातात होती म्हणून निदान शब्द तरी फुटले. हे सगळं घशाशी आलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण ओठ जागचे हलेनात.

शाल्मली त्यांच्याकडे बघत होती. “तुझ्या तोंडावरून मला काही कळत नाही. तू रडतेयस, पण कशासाठी तेच दिसत नाहीये. रागावलीयस? वाईट वाटतंय? मी काय समजू?” तिनं जुईला उचलून छातीशी घेतलं. “मी निभावलं, आई. पण हिला मी लाकडाच्या कुशीत नाही वाढवणार. तू जा सिंगापूरला. खरंच जा. आम्ही उद्या पुण्याला निघतो.”

ती आत गेली. ताईंनी हळूच गोदाक्काच्या पाठीतून हात काढून घेतला, तिला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग मोबाइल घेऊन नाडकर्णींना फोन लावला.

“नाडकर्णी, दौरा जमायचा नाही.”

पलीकडचं तूप थिजलं. “ताई, थट्टा करताय की काय? असा हात जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.”

“हात कुठे जातोय? हात आहे, गळा आहे, गोदाक्का आहे. ओठ फक्त माझे मला परत हवेत.”

“पडद्यावर सगळं दिसेल हो! पोरं टिंगल करतील.”

“करू देत. पडदा नसलेली सभागृहं अजून आहेत या महाराष्ट्रात. तिथे बोलवा, नाही तर मी माझी जाईन.” आणि त्यांनी फोन ठेवला. स्वतःच्या निर्णयाचं त्यांना जरा नवल वाटलं, पण पश्चात्ताप वाटला नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच त्या पायरीवर हजर. डॉ. पिंगळ्यांनी ठिकठिकाणी एंझाइम टोचलं. भरताना नुसती चुरचुर झाली होती, विरघळताना मात्र कुणी जिवंत कातडीखालून वीण उसवतंय असं वाटत होतं. ताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. अर्ध्या तासानं डॉक्टर म्हणाल्या, “हसून बघा.” डावा कोपरा थोडा वर गेला. उजवा तिथेच. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “पुष्कळ आहे.”

घरी आल्या तेव्हा शाल्मलीची बॅग दारात भरून ठेवलेली. ताईंचा वरचा ओठ एका अंगानं पुरीसारखा टम्म फुगलेला, दुसऱ्या अंगानं चिंधीसारखा लोंबणारा, कडेला जांभळे डाग. शाल्मलीनं दार उघडलं आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. “आई! हे काय करून घेतलंस?”

“उतारा,” ताई म्हणाल्या. शब्द फेंगडा आला, बोबडा आला, थुंकीसकट आला. इतकं वाईट त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

कडेवरची जुई आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. ताईंनी डावा कोपरा उचलला. ओठ वाकडातिकडा झाला, थरारला, पुन्हा पडला. जुईनं डोळे मोठे केले. मग तिनं हात पुढे करून तो फुगलेला ओठ मुठीत पकडला आणि खिदळायला लागली. दुखून ताईंना ब्रह्मांड आठवलं, तरी त्या हसत राहिल्या, कारण आता हसता येत होतं.

शाल्मलीला काय करावं सुचेना. सवयीनं ती पेटीकडे वळली. “बोलू नकोस तू. दुखतंय तुला. गोदाक्काला आणू का?”

“नको. ये, बस इथे.”

तिघी सतरंजीवर बसल्या. ताईंनी लेकीचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. समोर पंचवीस वर्षांची बाई बसली होती, पण ताईंना दिसत होती ती दप्तर पाठीवर घेतलेली, घामेजलेल्या वेण्यांची पोर. एकेका शब्दाला त्यांनी दुखरे ओठ नीट मिटले, नीट उघडले.

“शाल्मली, बाबा गेले.”

शाल्मली आईच्या ओठांकडे बघत होती. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तिनं त्या दिवशी लाकडाला विचारता न आलेला प्रश्न विचारला.

“माझ्याबद्दल काही बोलले का गं?”

“बोलले,” ताई म्हणाल्या. लेकीला जवळ ओढून, वाकड्या तोंडानं, अडखळत, जुईची मूठ ओठावरून बाजूला करत, त्या सगळं सांगायला लागल्या.